आता तुझं घे

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत काल तेलाचा डबा सापडला. सापडला म्हणजे काय, तो तिथंच होता. मीच किती वर्षांत वर गेले नव्हते. पंधरा किलोचा, पालथा घातलेला, आणि बुडाला मधोमध एक खळगा. कुणाला वाटेल डबा पडला असेल कुठून तरी. तो खळगा तळहातानं पडलेला आहे. नेमाच्या तळहातानं. मी खाली बसले आणि त्यावर एक थाप मारली. डब्यानं जुन्या ओळखीचा आवाज दिला, आणि मला एकटीलाच हसू फुटलं.

खरं तर मी वर गेले होते आईला शोधायला. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाचं लग्न, खाली मांडव, आचाऱ्याची भट्टी, पाहुण्यांची पोरं जिन्यावरून घसरगुंडी करतायत, आणि वरमाय गायब. ती वरच्या खोलीत स्वतःची गादी झटकत होती.

"हितं काय करतीयास गं?"

"उद्याची तयारी. नवी नवरी दारात यायच्या वक्ताला मी हितं बसंन. शेजारच्या चंद्राला सांग माप ठेवाया आन् ओवाळाया."

गेल्या दिवाळीनंतर माझे वडील गेले. तेव्हापासून आई अशी एकेका ठिकाणाहून मागं सरकते आहे. आधी कपाळ, मग बांगड्या, मग ओटीचं ताट, आणि आता आपल्याच मुलाच्या लग्नात आपल्याच घराचा उंबरा. कुणी तिला काही म्हटलं नाही. तिनंच ठरवलं, आणि आईनं ठरवलं की संपलं.

"मधली काकी न्हाई का उभी ऱ्हात दारात?" मी म्हटलं.

"मधलीची गोष्ट येगळी," आई उशीला अभ्रा घालत म्हणाली. "तिला ती पोरगी भेटली हुती."

ती पोरगी म्हणजे नेमा. आई खाली गेली तरी मी डब्याशेजारी बसून राहिले. वाऱ्यावर कासारसाईच्या धरणाच्या पाण्याचा वास येत होता, तोच जुना, किंचित शेवाळी. समोर मात्र भाताची खाचरं होती तिथं आता उंच इमारती, आणि बाल्कन्यांमध्ये वाळत घातलेले टॉवेल.

नेमा आमच्याकडं आली तेव्हा मी कॉलेजात होते. ती टांझानियाची, दार एस सलाम नावाच्या शहराची. हिंजवडीच्या बाजूला एका कॉलेजात शिकायला आलेली. दोन-चार ठिकाणी तिला तोंडावर खोली नाकारली होती, काही ठिकाणी नुसतं दार लावून घेतलं होतं. आमच्या गावातही ती रस्त्यानं निघाली की पोरं मागं लागायची आणि म्हातारे चहाचा कप ओठाशी तसाच धरून बघत राहायचे. वडिलांनी तिला गच्चीवरची खोली दाखवली. आईनं स्वयंपाकघरातून खुणा करून नको-नको म्हटलं. वडील म्हणाले, "लांबनं शिकाया आलीया लेकरू. ऱ्हाऊ दे की." आई त्या दिवशी भांडी जरा जोरात घासत होती, एवढंच.

पण आमच्या घरात पहिली फितूर झाली ती मधली काकी. आमचे वडील थोरले, म्हणून आई थोरली. तिच्या पाठची जाऊ ती मधली. धाकटे काका-काकू पिंपरीला. मधल्या काकीला घरात सगळे 'मधली' म्हणत, गावात मधली, दुकानात मधली, आम्ही पोरं मधली काकी. रेशनकार्डावर 'सुनंदा' होतं, पण त्या नावानं तिला हाक मारलेली मी ऐकली नव्हती. काकीचे यजमान, दत्तूकाका, तरुणपणीच गेले. मूलबाळ नव्हतं. काकी शेळ्या राखायची, भाताचं सगळं बघायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. नेमाच्या खोलीत पहिल्या संध्याकाळी वाफाळता भात नि आमटी घेऊन तीच गेली. इंद्रायणीच्या भाताचा तो वास जिन्याभर दरवळायचा. नेमानं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली. काकी खाली येऊन म्हणाली, "काय म्हनली काय ठावं, पर मीठ बरोबर पडलंय."

नेमाच्या भाषेत मोठ्या बाईला मानानं 'मामा' म्हणतात. "आता ह्या वयात मामा झाले बघा मी," काकी सगळ्यांना सांगत फिरायची, आणि मामा हाक आली की "आले गं!" म्हणून आधी तीच पळायची.

नेमा रॅप करायची. हे आम्हाला कळलं ते पहिल्या रविवारी. सकाळच्या उन्हात ती केसांना खोबरेल लावून बारीक वेण्या घालत बसली होती आणि तोंडानं काहीतरी भराभरा चाललेलं, मध्ये थांबत, मध्ये हसत, पाय गच्चीवर आपटत. आईला वाटलं पोरगी कुणाला तरी फोनवर झापते आहे. मग तिनं तेलाचा डबा ओढला, पालथा घातला, आणि तळहातानं थापा सुरू केल्या. त्या दिवसापासून डबा तिचा. आईनं दोनदा मागितला आणि मग नाद सोडला.

तिच्या गाण्याची सुरुवात नेहमी एकच. "जीना लांगू नेमा, नातोका तांदाले." माझं नाव नेमा, मी तांदालेची. तांदाले ही तिची वस्ती. मी आमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजी-मराठीत विचारलं, दर वेळी हेच कशाला? सगळ्यांना माहीतच आहे की. ती एकदम गंभीर झाली. तिच्याकडं मुलगे रॅप करायला जमले की मुलींना फक्त धृपद द्यायचे. गोड आवाजात तेवढी एक ओळ म्हणायची, तीसुद्धा मुलांचं कौतुक करणारी. कडवं सगळं मुलांचं. ज्या दिवशी तिनं पहिल्यांदा पुढं होऊन कडवं घेतलं, त्या दिवशी कुणीतरी ओरडलं होतं, ही कोण? "म्हणून आधी मी कोण ते सांगायचं," नेमा म्हणाली. "नाव आणि गाव. मग काय वाटेल ते बोल. कुणी अडवत नाही. म्हणजे अडवतात, पण उशीर झालेला असतो."

तिच्या फोनमध्ये कितीतरी बायकांचे आवाज होते. सेनेगलच्या, घानाच्या, केनियाच्या, दक्षिण आफ्रिकेच्या. आम्ही दोघी गच्चीवर पालथ्या पडून ऐकायचो. मला एक शब्द कळायचा नाही. नेमा अर्थ सांगायची, आणि जिथं तिलाही भाषा येत नसे तिथं ठोकून द्यायची. एकीचं घरमालकाला सुनावणं, एकीचं आपल्या जाड ओठांचं आणि रुंद नाकाचं कौतुक, एकीचं पाठीला बाळ बांधून बाजारात केलेलं भांडण. त्या आवाजांत लाज म्हणून नव्हती. मी ज्या घरात वाढले तिथं बाईनं मोठ्यानं हसलं तरी आधी दाराकडं बघायची पद्धत. ते आवाज ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा आणि मला खूप आनंद व्हायचा. खूपच.

काकी तेव्हा शेजारी कुरडया वाळत घालत असायची. ऐकत नाही असं दाखवत.

तिच्याबद्दलची एक गोष्ट नेमाला माहीत नव्हती. मधली काकी म्हणजे एके काळी उखाण्यांची खाण. तिच्या स्वतःच्या लग्नात दारात ठाण मांडून बसलेल्या चुलतसासऱ्यांना तिनं सुनावलेला उखाणा गावात अजून सांगतात:

"माणला झाली शाळा नि हिंजवडीला नाका,
दत्तूरावांचं नाव घेते, वाट सोडा काका!"

नव्या नवरीनं असं म्हणावं? म्हातारे उठून बाजूला झाले, पण हसत हसत. त्यानंतर कुठलंही लग्न, बारसं, डोहाळजेवण असलं की बायका मधलीला घोळक्यात ओढून नेत. दत्तूकाका गेले आणि सगळं थांबलं. ज्याचं नाव घ्यायचं तोच नाही, मग उखाणा कशाचा? कुणी मनाई केली नाही. फक्त कुणी 'घे' म्हणेना. काकी कार्यक्रमाला जायची, दारापाशी बसायची, आमटी ढवळायची. नेमा मात्र एकदा शेळ्यांमागं गेली आणि धावत परत आली. "मामा रॅप करते! शेळ्यांसमोर!" मला विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी आम्ही करवंदीच्या जाळीमागं लपून ऐकलं.

"काळी गेली वढ्याला, बांडी गेली बांधाला,
मालकीन बसली वाट बघत, भाकर बांधून खांद्याला!"

शेळ्या चरत होत्या. एकीनं मान वर करून बघितलं, तेवढीच दाद.

मग चंद्राकाकूंच्या सुनेचं डोहाळजेवण आलं. चंद्राकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या, भिंतीला भिंत. झोपाळा फुलांनी मढवलेला, केवड्याचा आणि अत्तराचा वास, हिरव्या बांगड्यांचा किणकिणाट, आणि मध्ये बायकांचं रिंगण. "नाव घ्या, नाव घ्या" सुरू झालं. एकीचं झालं की दुसरीचं. नेमा डोळे विस्फारून बघत होती. तिच्या गावी रॅपवाले असेच गोल उभे राहतात. एकीनं कडवं संपवलं की बोट दाखवून पुढचीला द्यायचं, आणि द्यायचं ते सगळ्यात भारी असेल तिला. तिला वाटलं, अरे, हे तर तेच!

चंद्राकाकूंनी गमतीनं तिला म्हटलं, "नेमा, तू पन घे की गं!" नवरा नाही म्हणून ती गप्प बसेल असं सगळ्यांना वाटलं. नेमा उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली,

"चहात घातलं आलं, भातात घातलं मीठ,
नेमाचं नाव घेते, ऐका सगळ्या नीट!"

 असा हशा उसळला की झोपाळ्यावरची गर्भार पोरगी पोट धरून हसायला लागली. स्वतःचंच नाव घेतलं बयेनं! नेमा हशावर खूश झाली, आणि तिच्या गावच्या रीतीप्रमाणं तिनं वळून बोट दाखवलं. दारापाशी बसलेल्या मधल्या काकीकडं.

"आता तुझं घे, मामा!"

हसू जागच्या जागी थांबलं. बायका बांगड्यांकडं, फुलांकडं, कुठंकुठं बघायला लागल्या.  तेव्हा माझी आईच बोलली, हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मधले, आमटी बघ गं. लागंल खाली." काकी उठून गेली. आमटी केव्हाच उतरवलेली होती.

घरी येताना मी नेमाला सगळं सांगितलं. ती रस्त्यातच थांबली. कंपन्यांच्या गाड्या हॉर्न वाजवत आम्हाला वळसा घालून जात होत्या.

"नवरा गेला, तर मामाचं बोलणं का गेलं?" तिनं विचारलं.

मी तिचा हात धरून तिला कडेला ओढलं. 

त्यानंतर काकी गच्चीवर यायची थांबली. भात यायचा, पण ताट पायरीवर ठेवलेलं असायचं. नेमाचा डबा गप्प झाला. ती नुसती बसून राहायची आणि मला सारखी विचारायची, मामा रागावली? मी म्हणायचे, नाही. ती म्हणायची, रागावली असती तर बरं झालं असतं.

दिवाळी झाली. भात कापून झाला, खळ्यावर पेंढ्या आल्या. आमच्याकडं झोडणी म्हणजे तिरक्या फळीवर पेंढी आपटायची: धप्प, धप्प, आणि मग पेंढी फिरवताना एक सुस्कारा. दाण्यांचा सडा, सोनेरी धूळ, घशात खाज, आणि कोवळ्या उन्हात भाताच्या काडाचा गोडसर वास. काकी झोडत होती. मी पेंढ्या देत होते. नेमा येऊन खळ्याच्या कडेला उभी राहिली. बराच वेळ नुसती ऐकत होती. मग तिचा पाय हलायला लागला. धप्प, धप्प, सुस्कारा. धप्प, धप्प, सुस्कारा. काकीच्या त्या मापावर तिनं, तिला येत होत्या तेवढ्या मराठी शब्दांत, सुरू केलं:

"ऊन लई, भात लई, दोरी लई छोटी,
चूक माझी..."

आणि थांबली. पुढची जागा रिकामी सोडली. धप्प. काकीनं मान वर केली नाही. धप्प.  काकीनं पेंढी फिरवली आणि फळीकडंच बघत म्हणाली,

"चूक न्हाई गं बाय तुजी, बडबड लई मोटी!"

नेमानं जी किंकाळी मारली ती धरणापर्यंत गेली असेल. तिनं काकीला पेंढीसकट मिठी मारली. दोघींच्या केसांत कुसं. काकी म्हणत होती, "अगं सोड, भात सांडतुया, सोड की!" आणि सोडवून मात्र घेत नव्हती.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात हसरा हिवाळा. नेमानं झोडणीचा आवाज फोनमध्ये भरून घेतला होता, त्याच्यावर दोघींची जुगलबंदी चालायची. संध्याकाळी डब्यावर थापा, खाली गोठ्यात शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, लांब कुठल्याशा इमारतीच्या स्लॅबचं मिक्सर. नेमा एक ओळ टाकायची, काकी दुसरी जोडायची. भावकीतल्या कंजूष माणसावर, कुरडया पळवणाऱ्या कावळ्यावर, गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या साहेबावर. मला जुळवता यायचं नाही, मी टाळ्या वाजवायचे. आई जिन्याच्या अर्ध्यात उभी राहून ऐकायची आणि आम्ही बघितलं की "डबा द्या माजा" म्हणून रागावल्यासारखं करायची.

पण हे सगळं गच्चीवर. चार माणसांत 'घे' म्हणणारं अजून कुणी नव्हतं, आणि नेमानंही पुन्हा बोट दाखवलं नाही. "मी जागा सोडली आहे," ती मला म्हणायची. "ती भरेल तेव्हा भरेल."

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. खाचरांत भाताच्या रोपांसाठी राब भाजलेले, हवेत जळक्या पाचोळ्याचा आणि मातीचा वास. ओल्या हळदीच्या वासात तो मिसळला की माझी हळद मला जशीच्या तशी आठवते. बायकांचं रिंगण, मी मध्ये पाटावर पिवळीजर्द, नेमा आईची हिरवी साडी नेसून, डबा मांडीशी घेऊन. एकेकीनं नाव घेतलं. मग सगळ्या जरा थकल्या, पाणीबिणी पिऊ लागल्या, आणि त्या विसाव्यात नेमा सहज दोन बोटांनी डब्यावर ठेका धरून बसली. धप्प, धप्प, सुस्कारा.

दारापाशी हालचाल झाली. मधली काकी उठली होती. कुणी म्हटलं नव्हतं. ती रिंगणाच्या कडेला आली, पदर खोचला आणि म्हणाली, "वाजीव गं नीट." मग:

"म्हायेरची मी हौसा, सासरची मी सुनंदा,
घरादाराची मधली मी, मागं लागला कामधंदा.
धनी हुते तवर माज्या तोंडाला हुती धार,
धनी गेलं नि तोंडाला कुनी लावलं दार?
भात झोडला, राब भाजला, शेळ्या राखल्या चार,
आज पोरीच्या हळदीला मी उघडते ते दार.
दत्तूरावांचं लई घेतलं, त्येंच्यावर न्हाई राग,
आज घेते हौसाचं नाव, आली मला जाग!"

हौसा. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि तेव्हापासून जुनं नाव ज्यांच्या तोंडी होतं ती माहेरची माणसंही एकेक करून गेली. ते नाव इतकी वर्षं तिनं एकटीनं सांभाळलं होतं. मी रडत होते आणि हळद गालावरून ओघळत होती.  मग माझी आई उठली. जिनं आमटीच्या निमित्तानं काकीला उठवलं होतं तीच. तिनं वाटीतली उरलेली हळद मूठभर घेतली आणि मधल्या काकीच्या दोन्ही गालांना फासली. "घे, हौसे," ती म्हणाली. त्यानंतर काय गोंधळ झाला म्हणून सांगू. चंद्राकाकूंनी नवऱ्याचं नाव घेऊन वर स्वतःचं घेतलं, त्यांच्या सुनेनं घेतलं, पोरी तर रांग लावून उभ्या. हळद कमी पडली.

नेमा शिकून परत गेली. डबा न्यायचा म्हणत होती, विमानात घेतला नाही. मग बऱ्याच दिवसांनी तिनं गाणं पाठवलं. तिच्या शहरातल्या एका मंचावर म्हटलेलं, आणि धृपद नव्हे, सगळी कडवी तिची. मागं ठेक्याला काकीची झोडणी, धप्प, धप्प, सुस्कारा. काकीनं फोन कानाला लावून डोळे मिटून ऐकलं. "ह्यात माजा भात हाय," ती म्हणाली. एवढं खूश झालेलं मी तिला कधी पाहिलं नाही. आता तो भात नाही, खळंही नाही. तिथं गाड्या लावतात. पण तो आवाज समुद्रापार कुठंतरी वाजतो आहे, आणि त्यावर अनोळखी पोरी नाचत असतील.

हे सगळं काल त्या डब्याशेजारी बसून आठवलं. उतरताना मी डबा काखोटीला मारला आणि काकीला जाऊन सांगितलं की आई उद्या वर बसणार म्हणते. काकी आता थकली आहे, गुडघे धरतात. तिनं नुसतं "बगू" म्हटलं.

आज संध्याकाळी वरात दारात आली. भावाची बायको पौडची, हिंजवडीत कंपनीत आहे, चष्मा लावते, बोलायला मोकळी. दारात माप ठेवलं होतं. करवली म्हणून मी वाट अडवली. चंद्राकाकू ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या. जिन्याच्या तळाशी, अंधुकशा कोपऱ्यात, आई. वर नव्हती गेली. मुलाला बघितल्याशिवाय राहवलं नसणार. पण पुढंही येत नव्हती.

नवरीनं छान उखाणा घेतला, माझ्या भावाचं नाव लाजून घेतलं आणि पाऊल उचललं. तोच चंद्राकाकू म्हणाल्या, "थांब गं. आता तुझं घे."

"माझं?"

"तुझं सोताचं. नाव आन् गाव. मंग पुढच्या बाईला बोट दावायचं. आमच्या गावची रीत हाय ती. लई जुनी, आज्या-पणज्यांपासनं."

मी काकीकडं बघितलं. काकी दाराच्या चौकटीला टेकून अगदी साळसूद चेहऱ्यानं उभी होती. "व्हय," ती म्हणाली. "लईच जुनी."

नवरीला हे फारच आवडलं. तिनं चष्मा सावरला, खणखणीत आवाजात स्वतःचं नाव घेतलं, पौडची म्हणून सांगितलं, आणि बोट दाखवलं काकीकडं. काकीनं 'हौसा' म्हणून दणकून ओळ टाकली, सगळा मांडव हसला. मग काकी दुखऱ्या गुडघ्यांनी वळली आणि तिनं बोट लांबवलं जिन्याच्या तळाकडं.

"जाऊबाई," ती म्हणाली. "आता तुमचा नंबर."

सगळ्यांनी वळून बघितलं. आईनं पदर तोंडाशी नेला. "मला न्हाई येत जुळवाया. कदी आलंय का?"

"जुळवू नका. नुस्तं नाव घ्या."

मी डबा जिन्याखाली ठेवला होता. पालथा घातला, त्याच खळग्यात तळहात ठेवला आणि थाप मारली. मला तेवढंच येतं. धप्प, धप्प, आणि सुस्काऱ्याची जागा रिकामी. पुन्हा धप्प, धप्प. नवरी माप ओलांडायचं विसरून आईकडं बघत उभी राहिली. भावानं तिचा हात घट्ट धरला होता. आई एक पायरी पुढं आली. मग उजेडात आली. गर्दीनं तिला वाट दिली. ती थेट उंबऱ्यापाशी येऊन, नव्या सुनेच्या समोर उभी राहिली, आणि ज्या आवाजात तिनं आयुष्यभर फक्त आम्हाला जेवायला हाका मारल्या त्या आवाजात म्हणाली,

"इंदू. मुठ्याची इंदू."

मग चंद्राकाकूंच्या हातातलं ताट तिनं आपल्या हातात घेतलं.